पहिला वेचा

मनकर्णा गेली हे साऱ्या गावात सगळ्यात शेवटी पुंजारामला कळलं.

तो अमरावतीहून परतत होता. बंडी रिकामी होती आणि बैल घराच्या ओढीनं पाय उचलत होते. गावाच्या अलीकडे नाला लागतो. नाल्यावर भगवंत उभा होता. भगवंतचं वावर पुंजारामच्या वावराला लागून, दोघांचा धुरा, म्हणजे बांध, एकच. बोंडं फुटायच्या दिवसांत भर दुपारी शेतकरी माणूस नाल्यावर हात मोकळे सोडून उभा राहतो, हेच पुंजारामला आधी खटकलं. भगवंतनं रामराम घातला नाही. त्यानं बैलांचा कासरा हातात घेतला आणि पुढं चालू लागला. काय झालं म्हणून पुंजारामनं विचारलं, तर तो म्हणाला, बैल थकले दिसतात. बैल माझे आहेत, थकले का नाही ते मी पाहीन, असं पुंजाराम म्हणाला. तरी भगवंतनं कासरा सोडला नाही.

वेशीत माणसं बसली होती. बंडी आली तशी ती बोलायची थांबली. एका म्हाताऱ्यानं उगाच खोकून खाली पाहिलं. पुंजारामच्या दारापुढं बाया दाटल्या होत्या, त्यांनी वाट करून दिली. दारात त्याची थोरली बहीण गोदाबाई उभी होती. विशीत विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि तेव्हापासून त्याच घरात चूल सांभाळत होती. तिनं त्याचा दंड धरला.

"पुंजा, खाली उतर. मनकर्णा गेली. वावरातल्या विहिरीवर गेल्ती सकाळी. पाय घसरला."

न्यायची सारी तयारी झाली होती. बांबू बांधून झाले होते, गोवऱ्या पुढं पोचल्या होत्या. फक्त त्याची वाट होती. नत्थुजी पाटील ओसरीवर कागद घेऊन बसला होता. त्यानं कागद वाचून दाखवला. पाणी काढताना पाय घसरून बाई विहिरीत पडली, कोणावर संशय नाही. खाली अंगठा पाहिजे होता. कोणीतरी पुंजारामचा हात धरला, शाई लावली आणि कागदावर टेकवला. मग त्याला आत नेलं.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आली. बायकोचं तोंड पाहायच्या आधी त्यानं अंगठा दिला होता. शाई लागलेल्याच हातानं त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला होता.

*

दहा दिवस सुतक होतं. बसून राहायचं, आल्यागेल्याचं ऐकायचं. येणारा प्रत्येक जण तेच सांगे. पाय घसरला बापा, काय करता. बाया तेच सांगत, म्हातारे तेच सांगत. चार माणसं एक गोष्ट सांगतात तेव्हा चार तऱ्हेनं सांगतात, हे पुंजारामला ठाऊक होतं. बैल हरवला तरी कोणी म्हणे नाल्याकडे पाहिला, कोणी म्हणे माळाकडे. इथं मात्र साऱ्या गावाच्या तोंडी एकच वाक्य होतं, जसं कोणी पाठ करून घेतलं होतं.

मग तो एकेक गोष्ट मनाशी फिरवू लागला. घरचं पाणी गावच्या झऱ्यावरून येत होतं. वावरातल्या विहिरीवर मनकर्णा पाण्याला जात नसे. वेचणी होऊन चार दिवस झाले होते, वावरात काम नव्हतं. मग ती सकाळी तिकडं कशाला गेली? आणि विहिरीत ती आधी दिसली भगवंतला, असं सांगत. भगवंत त्या वेळी धुऱ्यावर काय करत होता?

सुतक फिटल्यावर तो पहिल्यांदा वावरात गेला तो धुऱ्याचे दगड पाहायला. भगवंतनं दगड सरकवले असतील आणि मनकर्णानं ते पाहिलं असेल, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. दगड होते तिथंच होते. त्यांच्या बुडाशी गवत वाढलेलं होतं आणि एकावर सरडा बसला होता. पुंजाराम पावलं मोजत धुरा चालून गेला आणि मोजतच परत आला. भगवंत आपल्या वावरातून पाहत होता.

तिथून तो पाटलाकडे गेला. एवढी घाई कशाची होती, मी घरी यायच्या आधी कागद कसा झाला, असं त्यानं विचारलं. नत्थुजी पाटील सुपारी कातरत होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"तहसीलचे शिपाई आले असते तं पंधरा दिवस गावात बसले असते. एकेका बाईले बोलावून पुसलं असतं. तोवर कापूस कोणं येचला असता? हा काय नेहमीचा साल आहे? अन् कागदावर दुसरं काय लिहाचं होतं, ते तूच सांग मले. मी तेच लिहितो."

पुंजाराम उठला. पण पाटलानं आपल्यालाच उलटं विचारलं, हे त्यानं मनात धरून ठेवलं.

साल खरंच नेहमीचं नव्हतं. समुद्रापलीकडे कुठं तरी दोन भावांची लढाई जुंपली होती म्हणत, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यानं इकडच्या बोंडाला कधी नव्हता असा भाव आला होता. लोकांनी जवारीच्या रानात कापसाची पऱ्हाटी लावली. ज्यांच्या घरावर गवत होतं त्यांनी कवेलू घातले. कुत्र्याच्या पाठीला लागलेलं बोंडसुद्धा माणसं काढून घेत, असं बाजारात हसून सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

बाराव्या दिवशी मनकर्णाचा भाऊ सूर्यभान आला. त्याचं गाव कौंडण्यपूरजवळ, वर्धेच्या काठी. निरोपच उशिरा पोचला होता. त्यानं घरात पाणी घेतलं नाही. विहीर दाखवा म्हणाला. विहिरीच्या काठावर तो बराच वेळ उभा राहिला, पायऱ्यांवरून एकदा खाली उतरून वर आला.

"माही बहीण नदीच्या दगडायवर वाढली," तो म्हणाला. "अन् तुमी म्हणता तिचा पाय घसरला."

पुंजाराम म्हणाला, मी नाही म्हणत, गाव म्हणते.

सूर्यभाननं त्याच्याकडं पाहिलं. मग मागं उभ्या असलेल्या गोदाबाईकडं पाहिलं. "घरात तिले कोण काय बोललं, ते काढा भाऊजी," असं म्हणून तो आल्या पावली निघून गेला. गोदाबाईनं त्याच्यासाठी टाकलेली भाकर तशीच राहिली.

*

त्या दिवसापासून पुंजाराम गोदाबाईवर नजर ठेवू लागला.

तेव्हाच त्याला दिसलं की मनकर्णाचा चरखा घरात नाही. ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात तो असे. मनकर्णा वेचणीचे दिवस सोडले तर रोज दुपारी तिथं बसे. त्या कोपऱ्याला तिचाच कोपरा म्हणत. पहिला वेचा तिथंच पडायचा. ही त्या मुलखाची रीत होती. पऱ्हाटी फुटली की घरधनिणीनं वावराच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, दहीभात ठेवायचा, सीतादही करायची आणि पहिलं बोंड आपल्या हातानं वेचायचं. त्या दिवशी जेवढा कापूस निघेल तो तिचा. त्याचं ती सूत काढील, गोधडीत भरील, लेकीसुनेला देईल, धन्यानं विचारायचं नाही. मनकर्णाची दोन लेकरं झाली आणि राहिली नाहीत. ती सूतच काढत बसे.

यंदा पहिला वेचासुद्धा बंडीत भरला होता. अमरावतीला गेला तो तोच. एकट्या पुंजारामनं भरला असं नव्हतं, भगवंतनं भरला, पाटलानं भरला, यंदा कोणाच्याच घरी कोपऱ्यात कापूस नव्हता. मनकर्णा तेव्हा म्हणाली होती की हा माझा वेचा आहे. पुढल्या साली दुप्पट घे, असं त्यानं तिला सांगितलं होतं. मग ती काही बोलली नव्हती. ऐकली, असं त्याला वाटलं होतं.

चरखा कुठं गेला म्हणून त्यानं गोदाबाईला विचारलं. ती तव्यावर भाकर टाकत होती. "मले नाही माईत," ती म्हणाली, आणि वळून पाहिलं नाही. भाकर करपली. इतक्या वर्षांत गोदाबाईची भाकर करपलेली पुंजारामनं पाहिली नव्हती. त्यानं ती करपलेली भाकर मुकाट्यानं खाल्ली आणि तीही मनात धरून ठेवली.

मग त्याला जुन्या गोष्टी आठवू लागल्या. दोघी बाया जेवायला बसल्या की बोलत नसत. एकदा गोदाबाईनं मनकर्णाच्या हातातून सूप ओढून घेतलं होतं. एकदा मनकर्णा वावरातून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि गोदाबाई चुलीपुढून उठली नव्हती. तेव्हा त्यानं या गोष्टींकडं पाहिलंही नव्हतं. आता प्रत्येकीला दात दिसू लागले. रात्रंदिवस दोघी एका घरात होत्या, तो वावरात असे, बाजारात असे. त्याच्या पाठीमागं काय चाललं होतं ते त्याला कुठं ठाऊक होतं?

पऱ्हाटी दुसऱ्यांदा फुटली होती. वावर पांढरं दिसू लागलं. वेचणाऱ्या बाया सांगायला तो माणिकबाईकडे गेला. बायांची ती म्होरकी, तोंडाची फटकळ. एरवी ती त्याला पाहताच म्हणे, आले बाप्पा सोन्याचे धनी, आता आमाले बी सोन्याचे करा. आज ती उठून उभी राहिली आणि पदर नीट केला. येऊ म्हणाली, पण विहिरीचं पाणी पिणार नाही, प्यायचं पाणी नाल्यावरून आणू. पुंजारामनं हो म्हटलं. मग त्यानं चरखा कुठं दिसला का म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं.

माणिकबाई म्हणाली, जहीर पिंजाऱ्याच्या तट्टावर लादलेला पाहिला. कधी? मनकर्णा गेली त्याच्या आदल्या दिवशी. पिंजारी निंबाखाली उतरले होते, त्या दिवशी उठून अंजनगावला गेले. आतल्या खोलीत कोणी बाई कुजबुजली, तिला दुसरीनं गप्प केलं. घरात काय झालं होतं, तुम्हाला काही माहीत आहे काय, असं पुंजारामनं विचारलं.

"आमाले कायले पुसता?" माणिकबाई म्हणाली. "तुमी तं होतेच."

तो अमरावतीच्या वाटेवर होता हे सारं गाव जाणत होतं, आणि ही बाई तोंडावर सांगत होती की तुम्ही होतेच. काहीतरी झाकायला बाई वेड्यासारखी बोलते आहे, असं त्याला वाटलं. चरखा विकला गोदाबाईनं. त्यावरून दोघींचं वाजलं. आणि दुसऱ्या दिवशी मनकर्णा गेली. घराकडे चालता चालता त्यानं सारं जुळवलं आणि घरी पोचेपर्यंत ते पक्कं झालं होतं.

गोदाबाई अंगणात तूर पाखडत होती. तो तिच्यापुढं उभा राहिला.

"तू काय बोलली तिले?"

गोदाबाईचं सूप थांबलं. "मी काईच नाही बोलली," ती म्हणाली. "तेच तं."

"तेच तं म्हणजे?"

तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. त्यानं पुन्हा विचारलं, दोनदा विचारलं. चरखा पिंजाऱ्याकडं गेला हे तुला ठाऊक होतं का? तिनं मान हलवली, ठाऊक होतं. मग खोटं कावून बोलली? तिनं तुरीच्या दाण्यांकडं पाहिलं. मग ती खाली सांडलेले दाणे एकेक करून सुपात टाकू लागली. ते पाहून पुंजारामची खात्री झाली.

त्यानं बंडी जुंपली. तिचं एक गाठोडं आणून बंडीत टाकलं. अंजनगावला तिचं सासर होतं, दीर होता. शेजारपाजारचे जमले, पाटील पारावरून आला, बाया कुडामागं उभ्या राहिल्या. भर उजेडात, साऱ्यांच्या देखत, पुंजारामनं साठ वर्षांच्या बहिणीला हाताला धरून बंडीत बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"माही बायको इनं खाल्ली. माह्या घरात इले जागा नाही."

भगवंतनं तोंड उघडलं आणि मिटलं. पाटील दुसरीकडं पाहू लागला. सारे गप्प आहेत, म्हणजे साऱ्यांना पटलं, असं पुंजारामला वाटलं. त्यानं बैलांना हाक दिली.

*

अंजनगावची वाट दिवसभराची. गोदाबाई मागच्या बाजूला तोंड करून बसली होती. पूर्णेवर बैल पाण्याला सोडले तेव्हा ती उतरली. डाव्या बैलाच्या खुरात खडा अडकलेला तिला दिसला. तो तिनं काडीनं काढला आणि पुन्हा जाऊन बसली. मग गाठोड्यातली भाकर सोडली, अर्धी मोडून त्याच्या बाजूला फळीवर ठेवली. पुंजारामनं तिला हात लावला नाही. पुढं खड्ड्यात चाक गेलं तेव्हा ती भाकर रस्त्यावर पडली. दोघांनीही ती पडताना पाहिली.

तिचा दीर खुशालराव कापसात चांगला वर आला होता. घरावर नवे कवेलू होते, दारात दोन बंड्या उभ्या होत्या. त्यानं पुंजारामला बसायला घोंगडी दिली, मनकर्णाचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. त्याच्या बायकोनं गोदाबाईच्या गाठोड्याकडं पाहिलं आणि किती दिवसांसाठी म्हणून विचारलं. पुंजाराम म्हणाला, आता इथंच. खुशालरावनं ढोरांच्या कोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, घरात दहा ढोरं आहेत, सरकी भिजवायला, शेण काढायला माणूस लागतेच, बसून खायचं म्हणसान तं ते मात्र होत नाही. हे सारं गोदाबाई उभी असताना चाललं होतं. तिनं कोपऱ्यात टेकवलेला खराटा घेतला आणि कोणी सांगायच्या आत अंगण झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम पिंजाऱ्यांची आळी विचारत गेला. चरखा त्याला पाहिजे होता. चोरीचा माल कोणी विकला, किती घेतले, हे पिंजाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे मनात कसर राहणार नव्हती.

जहीर दारातच बसून कापूस पिंजत होता. भुवयांवर, दाढीवर कापूस बसला होता. मागच्या भिंतीशी मनकर्णाचा चरखा उभा होता. त्याच्या चाकाला एका जागी सुतळीचा बंध होता, तो पुंजारामनंच बांधला होता. तो सरळ आत गेला आणि चरख्याला हात घातला.

"भाऊ, आधी बसा तं," जहीर म्हणाला. "चोरीचा माल असा दारासमोर ठेवते का कोणी?"

कोणी दिला, असं पुंजारामनं विचारलं. जहीरनं पिंजण खाली ठेवली आणि आत आवाज दिला. त्याची बायको अनवरी बाहेर आली. तिच्या हातात पेळू होते. मनकर्णाचा धनी आला आहे हे समजल्यावर ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"तिनं सोता आणून देल्ला," अनवरी म्हणाली. "मी म्हणलं, बाई, तुले लागते ना. तं म्हणे, घरात कापूसच नाही राह्यला, चरखा कायले ठेवू."

पुंजाराम म्हणाला, गोदाबाईनं पाठवलं असेल तिला.

अनवरीनं नवऱ्याकडं पाहिलं. जहीर म्हणाला, सांग, त्यांना नाही सांगशील तर कोणाला सांगशील. मग तिनं सांगितलं, हळू, पेळू हातात फिरवत.

वेचणी झाली त्या दिवशी बाया धुऱ्यावर आल्या होत्या. यंदा कापूस महाग, कोणी लपवून नेऊ नये म्हणून तुम्ही प्रत्येकीची ओटी झाडून घेत होतात. माणिकबाई चेष्टेनं म्हणाली, आमच्याच झाडता, घरधनिणीची बी झाडा. तुम्ही म्हणालात, झाड व तूबी. मनकर्णानं झाडली. पसाभर कापूस निघाला.

पुंजारामला ते आठवलं. आठवायला काहीच लागलं नाही. ऊन कलतं होतं, बाया दमलेल्या होत्या, ओळीनं उभ्या होत्या. मनकर्णाच्या ओटीतून कापूस पडला तेव्हा तो हसला होता. घ्या, चोर तं घरातच निंगाला, असं म्हणाला होता. बायाही हसल्या होत्या. त्याच्या दृष्टीनं ती त्या दिवसातली एक हलकी गोष्ट होती. अमरावतीच्या वाटेवर त्यानं सोबतच्या गाडीवाल्याला ती सांगितलीसुद्धा होती, आणि तोही हसला होता.

"हासण्यावारी म्हणलं मी," तो म्हणाला.

"हो. ती बी तेच म्हणे, हासण्यावारी म्हणलं," अनवरी म्हणाली. "पण पहिला वेचा बाईचा असते ना भाऊ. तिचाच कापूस, अन् तिलेच चोर. म्हणे, साऱ्या हासल्या, एक माही नणंद नाही हासली. तिनं खाली बसून मातीतला कापूस येचला, फुकून साफ केला, अन् माह्या पदरात टाकला. मंग धन्यानं पदरातला बी घेतला अन् गाठोड्यात टाकला."

जहीरनं पिंजणीची तात एकदा ओढली आणि सोडली. तिचा आवाज घरभर झाला.

"तेवढ्याचमुळं केलं तिनं, असं मी नाही म्हणत," अनवरी म्हणाली. "बरंच बोलत होती. लेकरायचं बी बोलली. झोप येत नाही म्हणे. माहं अर्धं ध्यान कामात होतं. मी म्हणलं, माणसं बोलतेच, जाऊ दे व. असं म्हणलं मी. मले काय माईत." तिनं पेळू मांडीवर ठेवले. "चरखा घिऊन जा भाऊ. मी अजून फिरवला नाही तो."

पुंजारामनं चरख्यावरचा हात काढला. ठेवा, एवढंच तो म्हणाला आणि बाहेर पडला.

*

गोदाबाई खुशालरावच्या कोठ्यात होती. दोन्ही हात कोपरापर्यंत सरकीत होते. पुंजाराम दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. तिनं पाहिलं आणि ओळखलं.

"तुले माईत होतं," तो म्हणाला.

"साऱ्या गावाले माईत होतं."

"मंग मले सांगतलं कावून नाही?"

"तुले सांगून ती येणार होती का?" गोदाबाईनं हात बाहेर काढले. सरकीचं पाणी टपकत होतं. "एक गेली. तुले समजलं तं तू बी जाशीन, असं भेव वाटलं मले. मीच पाटलाले म्हणलं, पाय घसरला लिहा. मीच बायायले सांगतलं, कोणी तोंड उघडू नोका." मग थोड्या वेळानं म्हणाली, "ती चरखा घिऊन निंगाली तवा मी चुलीपाशी होती. मी पायलं तिले. पुसलं नाही. म्हणलं, रागात आहे, येईन. ते मले सोडत नाही, पुंजा. तू मले इथं आणून सोडलं ते काईच नाही."

पुंजारामनं चौकट सोडली. तो शेणातच बसला. खुशालरावची बायको दारातून डोकावली आणि दोघांकडं संशयानं पाहून गेली. चाल बाई, घरी चाल, बंडी जुंपतो, असं तो म्हणाला. गोदाबाईनं मान हलवली.

"असं नाही. तू चार माणसायत मले बंडीत घातलं. तिले बी चोर म्हणलं ते चार माणसायतच. आता इथं कोठ्यात येऊन, ढोरायपुढं चाल म्हणते. मी नाही येत."

"मंग काय करू?"

"त्याच बायायपुढं सांग. धुऱ्यावर उभा राहून सांग का तो कापूस तिचा होता, मी तिले चोर म्हणलं, मी चुकलो. आधी तिचं परत घे. माहं मंग. मंग बंडी घिऊन ये, मी बसतो."

तिनं पुन्हा हात सरकीत घातले. त्यानं थोडी वाट पाहिली. मग एकट्यानंच बंडी जुंपली.

*

दुसरी वेचणी सुरू झाली. बाया नाल्याचं पाणी घेऊन येत. पुंजाराम ओळींच्या मागं चालत गाठोडी उचले. दुपारी स्वतः थापलेली भाकर खाई. कधी कच्ची राही, कधी जळे.

पहिल्या दिवशी ऊन उतरलं तशा बाया धुऱ्यावर आल्या आणि सवयीनं ओट्या सोडू लागल्या. राहू द्या, असं तो म्हणाला. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. यात धन्याचा काही डाव आहे, उद्या उलटून नाव ठेवील, असं त्यांना वाटलं असावं. माणिकबाई पुढं आली आणि त्याच्या डोळ्यांत पाहून तिनं ओटी झाडली. एक बोंडही पडलं नाही. मग दुसरीनं झाडली, मग तिसरीनं. ओळीनं साऱ्या झाडून गेल्या. तो तोंड उघडून उभा होता. शेवटची बाई जायला लागली तेव्हा तो म्हणाला, उद्या जरा लवकर या.

दुसऱ्या दिवशी भगवंत धुऱ्यावर आला म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी बायांत एक नवी होती, बाहेरगावची. तिच्यापुढं कसं बोलायचं, म्हणून राहिलं. एका दिवशी चारच बाया होत्या. आज सांगायचं असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं, बैलांना पाणी पाजताना सारं बोलूनही पाहिलं होतं. बैलांपुढं ते नीट जमलं. बायांपुढं त्यानं विचारलं की उद्या पश्चिमेच्या ओळी घ्यायच्या का. माणिकबाई म्हणाली, धनी, दुसरं काई बोलाचं होतं का? तो म्हणाला, नाही.

गावातली माणसं आता त्याला पाहून गप्प होत नव्हती, रामराम घालत होती. त्याला वाटे, यांना सारं ठाऊक आहे आणि मला ठाऊक झालं हेही ठाऊक आहे. पाटलाच्या डोळ्यांत त्याला ते दिसे, भगवंतच्या पाठीतसुद्धा दिसे. कोणीच विचारत नव्हतं. कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कधी वाटे. मग वाटे, विचारलं तर आपण पुन्हा पाय घसरला असंच सांगू.

पौषात सूर्यभानचा निरोप आला. कौंडण्यपूरकडून आलेल्या एका गाडीवाल्यानं आणला. घरात तिला कोण बोललं ते निघालं का, असं त्यानं विचारलं होतं. गाडीवाला बैल सोडून उभा होता, उत्तर घेऊन जायचं होतं. पुंजारामनं त्याला गूळपाणी दिलं.

"शोधून राहिलो म्हणा," तो म्हणाला.

काल शेवटचा वेचा झाला. पऱ्हाटी वाळली आहे, उपटायला आली आहे. बाया उद्यापासून भगवंतच्या वावरात जातील. पुंजारामनं त्यांच्यापुढं अजून काही सांगितलेलं नाही, आणि गोदाबाई अंजनगावलाच आहे.